तिची उजवी बाजू

१६ ऑक्टोबर

चि. डॉक्टरीणबाईंस,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. आपल्या संस्थेच्या सभागृहात, दीडशे माणसांसमोर, तू माझ्या मदरचे दोन तुकडे केलेस.

आमच्या कॉन्व्हेंटात तक्रार लिहायची पद्धत ठरलेली होती. आधी तारीख, मग वेळ, मग गुन्हा. रडणं शेवटी, कागदावर जागा उरली तर. मी जागा उरू देणार नाही, तेव्हा घाबरू नकोस.

गुन्हा असा. पडद्यावर तू तरसाचे दोन फोटो शेजारीशेजारी लावलेस. एक डाव्या अंगाचा, एक उजव्या. दोन्ही मी काढलेले. मग हातातल्या त्या लाल ठिपक्याने दोन्हींवर गोल काढत म्हणालीस, "आजवर आपण जिला एकोणीस वर्षं जगलेली एक मादी समजत होतो, त्या बहुधा दोन माद्या होत्या."

बहुधा! अगं, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं मी त्या दगडी टेकड्यांमधून तिच्यामागे फिरले. रानात इतकं जगलेलं दुसरं तरस कुणाच्या नोंदीत नाही. ती पाठ्यपुस्तकात आहे. मान खाली घालून, आयाळीचा बुरखा सावरत चालायची म्हणून आमच्या शाळेतल्या मोठ्या सिस्टरवरून, त्यांना आम्ही मदर म्हणायचो, तिचं 'मदर' हे नाव मीच ठेवलं. आणि चहाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना माझ्याच बहिणीची मुलगी, माझ्याच खुर्चीवर बसणारी, माझंच कपाट वापरणारी, सांगते की अशी कुणी नव्हतीच.

पुढच्या रांगांतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक मुलगी कप घेऊन आली नि म्हणाली, "आजी, बरं वाटत नाही का? साखर घालू?" मी म्हटलं, "साखर नको, खुर्ची सरकव, मला बाहेर जायचंय." त्या दिवशी मी एवढंच बोलले, याची नोंद घे. तुझ्या आईचं म्हणणं मी आरडाओरडा केला. ती तिथे नव्हती.

घरी आल्यापासून धड जाग नाही, धड झोप नाही. दुपारी खिडकीची झडप अर्धी लोटली की खोलीत पट्टे पडतात, भिंतीवर, कपाटावर, माझ्या पांघरुणावर. मी पडल्यापडल्या मोजते. उजव्या खांद्यामागे सात, सातवा खाली दुभंगलेला. तिचेच.

हे छापायच्या आत मागे घे. नाहीतर कशावरून म्हणतेस ते लिहून कळव. ई-मेल मी उघडत नाही, आणि फोनवर तू नुसतं "हो गं, हो गं" करतेस.

तुझी मावशी


२२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

आधी माझा गुन्हा कबूल करते. लेख मी तुला सप्टेंबरातच पाठवला होता, ई-मेलने. तू उघडत नाहीस हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच ई-मेलने पाठवला. समोर येऊन सांगायचं धाडस झालं नाही. पण सभेत तू येशील, आणि तिसऱ्या रांगेत बसशील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता कशावरून, ते लिहिते. तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतेय असं वाटलं तर रागावू नकोस.

तरसाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे सारखे नसतात, हे मला तूच शिकवलंस. एका अंगावरून दुसरं ओळखता येत नाही. म्हणून आम्ही आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतो. तुझ्या वेळी एका जागी एकच कॅमेरा असायचा. पहिली दहा वर्षं तो घळीच्या वरच्या बाजूला होता. मदर गुहेकडे परतताना तिचं डावं अंगच त्यात यायचं. मग दरड कोसळली, वाट बदलली, कॅमेरा पलीकडे गेला. तिथून पुढची नऊ वर्षं फक्त उजवं अंग.

डावीला उजवीशी जोडणारी गोष्ट एकच आहे, कॅमेरा हलवला त्या वर्षीच्या तुझ्या वहीतली ३ मार्चची ओळ. "५.४०. वळली. उजवी बाजू स्पष्ट. तीच." ह्या ओळीवर ती एकोणीस वर्षं उभी आहेत.

आणि दुसरं. कपाटात तळाशी तुझी कागदी पाकिटं सापडली, तरसाच्या विष्ठेची. खडूसारखी पांढरी, वाळून दगड झालेली, प्रत्येकावर तुझ्या अक्षरात तारीख आणि जागा. इतक्या वर्षांनी त्यांतून डीएनए निघेल असं प्रयोगशाळेला वाटत नव्हतं, पण अर्ध्याहून जास्त पाकिटं बोलली. सुरुवातीची सगळी एका मादीची. शेवटची सगळी दुसरीचीच. मधल्या चार वर्षांत दोघींची. आणि दुसरी ही पहिलीची मुलगी.

मावशी, त्या ३ मार्चला तू नेमकं काय पाहिलंस, ते मला लिही. तू लिहिशील ते मी मानीन.

तुझी ठकू


३० ऑक्टोबर

चि. ठकूस,

"तू लिहिशील ते मी मानीन!" मोठे उपकार झाले. तुला पहिल्यांदा तरसाचा ठसा दाखवला तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि चिखलात बसून म्हणाली होतीस, "मावशी, हा कुत्रा लंगडतोय." तेव्हाही मी तुझं मानलं नव्हतं.

घे लिहून.

३ मार्च. दुपारी दोनला मी लपणात शिरले. तू पाहिलंच आहेस ते, चार दगडांच्या आडोशाला एक माणूस कसंबसं मावेल एवढी जागा, वर काटक्या, समोर हातभर फट. गुहेचं तोंड तिथून चाळीस पावलं. ऊन दगडांवर येऊन बसलं होतं आणि उठायला तयार नव्हतं. माश्यांचा आवाज हळूहळू लांब गेला, कुणी खिडकी लावून घ्यावी तसा. मग ती आली.

येताना दिसली नाही, आहे एवढंच दिसलं. डावं अंग माझ्याकडे. घळीत मी स्वतः वाळका पाला पसरून ठेवला होता, पाऊल कळावं म्हणून. तो वाजला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. फटीकडे नव्हे, माझ्याकडे. कितीतरी वेळ. मला वाटलं, ही आता माझं नाव घेऊन हाक मारणार, आणि मला त्याचं काही आश्चर्य वाटलं नसतं. मग प्रार्थना संपल्यावर मोठ्या सिस्टर वळत तशी, झगा सावरून, अगदी सावकाश ती वळली. उजवं अंग. सात पट्टे, सातवा दुभंगलेला. आयाळ पाण्याखालच्या गवतासारखी हलत होती, वारा नसताना. तिच्या पाठीमागे गुहेतून उजेड येत होता, मंद, पिवळा, कुणीतरी आत बसून वाचत असावं असा.

असं पाहिलेलं माणूस विसरतं होय? मला माझ्या मॅट्रिकच्या निकालाचा दिवस आठवत नाही. हे आठवतं.

पाकिटांचं म्हणशील तर ती ड्रायव्हरने घोटाळून ठेवली असणार. त्याला विचार. गाडीच्या मागच्या सीटवर पाकिटं, टायर आणि त्याचा डबा एकत्रच असायचे.

आणि 'बोलली' म्हणे पाकिटं. माझ्या वेळी पाकिटं गप्प बसायची आणि माणसं बोलायची.

तुझी मावशी


९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

काकांकडे जाऊन आले. तुझ्या ड्रायव्हरकाकांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. काळा चष्मा लावून, अंगणात पाय पसरून बसले होते. आवाजावरून ओळखलं मला.

"पाकिटं?" म्हणाले. "बाईंची पाकिटं? मी हात लावला असता ना, तर बाईंनी तो हात उतरवून वेगळ्या पाकिटात घातला असता. वर तारीख लिहून."

मग मी विचारलं, "तीन मार्चला संध्याकाळी तिला आणायला तुम्हीच गेला होतात ना?"

"मीच. सहाला."

"मग?"

"मग काय? बाई गाडीत बसल्या, मी गाडी चालवली."

"काही म्हणाल्या का?"

"ताई, मी गाडी चालवायचो, वही लिहायचो नाही. त्या दिवसाचं बाईंना विचारा." आणि हसले. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "तुमची ती माळावरची चार वर्षं ह्याच्यामुळेच गेली का हो?" मी म्हटलं, "काका, चहा थंड होतोय." विषय तिथेच संपला.

परत येताना टेकड्यांकडे वळले. लपणाचे दगड ढासळलेत, पण बसता येतं. मी तासभर बसले. मावशी, तिथे काळ कसा जातो गं? घड्याळात एक तास गेला, पण मला वाटलं मी तिथे लहानपणापासून बसलेय. पाल्याचा आवाज, मग नुसती पाल्याच्या आवाजाची आठवण. ढगाची सावली गुहेवरून गेली तर वाटलं, आतून कुणीतरी उठून उभं राहिलं.

मग गुहेपर्यंत चालत गेले. ती पाच हात खोल आहे. मागे सलग दगड आहे. आतून उजेड यायला कुठेही जागा नाही.

एवढंच मी पाहिलं, आणि एवढंच लिहिते. ह्यापुढे काही विचारणार नाही.

लेखातलं ते वाक्य मी बदललंय. आता ते असं आहे: "त्या काळातल्या साधनांच्या मर्यादेमुळे दोन माद्यांची नोंद एक म्हणून झाली." तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. कुणाला काही वावगं वाटणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत शब्द बदलता येतात, मग अंक छपाईला जातो. तुला पसंत असेल तर नुसतं "ठीक" लिहून पाठव, आणि आपण हे मिटवून टाकू.

तुझी ठकू


१५ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पत्र नाही. फोन उचलत नाहीस. आई म्हणते, दार उघडलंस, तिने आणलेली फळं आत घेतलीस आणि दार लावलंस. निदान फळं घेतलीस, म्हणून ती खूश आहे. मी नाही. एक ओळ तरी लिही.

ठकू


१८ नोव्हेंबर

चि. ठकूस,

मी झोपले होते.

एवढं वाक्य लिहायला मला सहा दिवस लागले. फळं चांगली होती, आईला सांग.

अंगात ताप होता. सकाळी ड्रायव्हर म्हणाला होता, "बाई, आज राहू द्या." मी म्हटलं, "तरसाला सांगून आलास का, आज येऊ नको म्हणून?" आणि गेले. साडेचारपर्यंत वहीत दर दहा मिनिटांनी नोंद आहे. तिथून पाच-चाळीसपर्यंत कोरं. तुझ्या ते लक्षात आलं असणार, तुझे डोळे मीच तयार केलेत. पण तू लिहिलं नाहीस. उजेड कुठून येत होता तेवढं पाहून आलीस आणि दगडाबद्दल दोन ओळी लिहून गप्प बसलीस. इतक्या वर्षांत ती गुहा मागून बंद आहे, हे मला एकदाही आठवलं नव्हतं. त्या गुहेत मी स्वतः रांगत गेलेय, टेप घेऊन.

जाग आली तेव्हा गुहेच्या तोंडाशी एक तरस उभं होतं, उजवं अंग माझ्याकडे. एवढंच खरं. डावं अंग स्वप्नातलं. मधलं वळणं माझं. मी घाईघाईने "वळली" लिहिलं, आणि तेव्हा ते खोटं वाटलं नाही, कारण स्वप्न अजून डोळ्यांत ओलं होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी मी ते शाईने गिरवलं.

सहाला ड्रायव्हर आला. माझ्या गालावर वहीच्या तारेचे वळ होते. म्हणाला, "झोप झाली का बाई?" मी म्हटलं, "गाडी चालव." इतकी वर्षं तो माणूस त्यावर बोलला नाही, आणि मी त्याच्यावर पाकिटांचा आळ घेतला. त्याला वेगळं पत्र लिहिलंय, मोठ्या अक्षरात, त्याच्या डोळ्यांना झेपेल असं.

का, असं तू विचारणार नाहीस. तरी सांगते. नोकरीला लागले त्या वर्षी साहेब म्हणाले होते, "वाघ सोडून तरसामागे कोण आयुष्य घालवतं? हाडं चघळणारं जनावर!" सगळे हसले. मीही हसले, नवी होते. पण एकाच जनावराशी एकोणीस वर्षांची ओळख, ह्याला कुणी हसत नाही. मला ती एकच हवी होती, ठकू. दरवर्षी टेकडीवर गेल्यावर तिथे असणारी. घरी माझी अशी कुणी वाट बघत नव्हतं.

आता वह्या काढून बसलेय. माझ्याच अक्षरात काय काय लिहिलंय! "१९ एप्रिल. मदर तासाभरात दोनदा हाडं घेऊन आली. ह्या वयात काय ही चपळाई!" पुढे उद्गारचिन्ह. अगं, आई एकदा आली आणि मुलगी एकदा. दोघी मिळून पिल्लं वाढवत होत्या, एका गुहेत, चार वर्षं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी एकीच्याच तब्येतीचं कौतुक लिहीत होते. शेवटी आई गेली आणि मुलगी तिथेच राहिली. कुणी पाहायला हवं होतं ते. मी तर तिथेच होते.

हल्ली दुपारी डोळा लागला की मी लपणात असते. एक तरस आत जातं, एक बाहेर येतं. वाटेत थांबून एकमेकींचं तोंड हुंगतात. खूप सावकाश चालतं ते, ऊनही थांबून बघतं. वही माझ्या मांडीवर असते. मी काही लिहीत नाही.

आता माळाचं. काकांचा प्रश्न तू चहावर ढकललास. मी ढकलणार नाही. मदर एकटीच राहते असं मी धरून चालले, म्हणून पाठ्यपुस्तकात लिहिलं की मुली मोठ्या झाल्या की गुहा सोडून लांब जातात. ते वाचून तू प्रबंधासाठी विषय घेतलास: त्या मुली कुठे जातात. चार वर्षं तू माळावर कॅमेरे घेऊन त्यांना शोधत फिरलीस. एकही सापडली नाही. प्रबंध परत आला; दुसऱ्या विषयावर तू डॉक्टर झालीस ती नंतर. तो परत आला त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभी होतीस, पायांना माती तशीच, आणि मी तुला म्हणाले, "नीट शोधलं नाहीस."

त्या गेल्याच नव्हत्या गं. शोधायला माळावर कुणी नव्हतंच. आणि मला निदान एवढं ठाऊक होतं की माझी एक ओळ कच्ची आहे. ते तेव्हा सांगितलं असतं तर तू एका आठवड्यात पाकिटं काढली असतीस. मी बटाटे सोलत राहिले.

हे सगळं तुला कळलं होतं ना? प्रयोगशाळेचा कागद आला त्याच दिवशी कळलं असणार. आणि तरी तू "साधनांच्या मर्यादेमुळे" लिहून मला पदराखाली घेतलंस. बाई, मी अजून एवढी म्हातारी झालेली नाही.

ते वाक्य खोडून टाक. माझे कॅमेरे चोख होते. दर पंधरवड्याला मी स्वतः पुसायची. त्यांच्यावर आळ मी येऊ देणार नाही, ड्रायव्हरवर घेतला तो एक पुरे झाला. त्या जागी लिही की निरीक्षक त्या वेळी झोपली होती, आणि तिने पाहिलेलं आणि न पाहिलेलं एकत्र नोंदवलं. खाली माझं पूर्ण नाव. आणि पुढच्या परिच्छेदात लिही की मुली गुहा सोडून जातात हे विधान त्याच चुकीतून आलं होतं, आणि माळावरचा तुझा अभ्यास बरोबर होता: तिथे त्या नव्हत्या, आणि तू त्या नाहीत असंच नोंदवलंस. तुझा परत आलेला प्रबंध त्याच्या तारखेसह संदर्भांत घाल. दया म्हणून माझं नाव गाळलंस तर संपादकांना मी स्वतः लिहीन, आणि माझी लेखणी तुला ठाऊक आहे.

शिवाय मला आणखी एक गोष्ट हवी आहे, ती लेखात नको, पत्रात हवी. माळावरच्या त्या चार वर्षांबद्दल तुला माझ्याविषयी काय वाटतं, ते. खरंखुरं. "जाऊ दे गं" नको, "तुझ्या वयात" नको, आणि आईला मध्ये घालायचं नाही. राग असेल तर रागाचं पत्र लिही. तारीख, वेळ, गुन्हा, सगळं नीट मांडून. मी वाचेन.

बदललेल्या वाक्यांची नक्कल आणि हे पत्र, दोन्ही तुझ्या अक्षरात, सहीसह, सोमवार, २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी मावशी